गजकर्ण, टाकळा आणि ट्यूब

पहिल्या पावसानंतर रानात टाकळा उगवतो आणि त्याच सुमारास दवाखान्यात गजकर्णाचे रोगी वाढतात. जांघेत, कमरेला, काखेत गोल चट्टा उठतो. कडा लालसर व किंचित उंच, मधली कातडी जवळजवळ साधी, आणि खाज अशी की चारचौघांत बसणे मुश्कील. कोणी याला नायटा म्हणतात, कोणी दाद. हा रोग बुरशीमुळे होतो. रक्त बिघडल्याने किंवा वांगी खाल्ल्याने होत नाही.

जागा अडचणीची, त्यामुळे रोगी आधी घरीच उपाय करतो. टाकळ्याचे बी ताकात वाटून लावण्याची रीत जुनी आहे. आयुर्वेदात टाकळ्याला दद्रुघ्न असेही नाव आहे, आणि दद्रु म्हणजे नायटाच. कडुलिंबाच्या पाल्याचे पाणी, करंजाचे तेल, हळद हेही चालते. यांनी खाज थोडी निवते, नुकसान सहसा होत नाही. पण पसरलेला नायटा एवढ्यावर मुळापासून गेलेला मी पाहिलेला नाही. लसूण ठेचून बांधणे, चुना, रॉकेल मात्र नकोच. भाजल्यासारखे फोड येतात आणि एकाचे दोन आजार होतात.

तरीही माझे मत असे की, टाकळ्याने कोणाचे वाटोळे केलेले नाही. ते केले आहे औषधाच्या दुकानातून न विचारता आणलेल्या ट्यूबने. यातील बऱ्याच मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटॅसोल किंवा बीटामेथॅसोनसारखे तीव्र स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, रोगी खूश! प्रत्यक्षात कातडीची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी आत निवांत पसरते. ट्यूब बंद केली की दुप्पट जोराने उठते. म्हणून पुन्हा ट्यूब. काही महिन्यांत जांघेतील कातडी पातळ होऊन पांढुरक्या भेगांसारखे पट्टे उमटतात, ते जन्मभर राहतात. विशी-बाविशीतील मुलामुलींच्या अंगावर हे पाहताना वाईट वाटते. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची १४ मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. चिठ्ठी न मागणारे दुकानदार अजून आहेत, आणि खरे सांगायचे तर अशी चिठ्ठी सहज लिहून देणारे आमचे व्यवसायबंधूही आहेत.

घरी करण्यासारखे खरे उपाय वेगळेच आहेत आणि त्यांना पैसे लागत नाहीत. अंघोळीनंतर जांघा, काखा कोरड्या पुसाव्यात. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा हवा. ओलसर चड्डी, घट्ट जीन्स पावसाळ्यात टाळावी. कपडे गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवावेत. ऊन नसेल तर उलट्या बाजूने इस्त्री फिरवावी. कमरेचा करदोडा काढून ठेवावा. अनेकांना हे रुचत नाही, पण ओल्या दोऱ्यात बुरशी मुक्काम करते. आणि घरात दुसऱ्या कोणाला खाज असेल तर त्याचाही उपचार एकाच वेळी झाला पाहिजे, नाहीतर पाहुणा घरातल्या घरात फिरत राहतो.

औषधाला आता वेळ लागतो. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारी बुरशी आपल्याकडे बरीच आढळते. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे लावावे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवावे.

एक चट्टा मात्र घरी अजिबात हाताळू नये. खाजत नाही, फिकट किंवा लालसर आहे आणि टोचले तरी कळत नाही, असा चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते व रोग पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर हातापायांच्या नसा जातात.

दवाखान्यात येताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब बरोबर आणाव्यात, संपलेल्यासुद्धा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नयेत.