पावती कुणाच्या नावाची?

‘त्यांचं काय, चवाळं गुंडाळलं की झालं! टॅक्स भरायचा आम्ही आणि धंदा करायचा त्यांनी!’ पेठेत दुकान असलेल्या कुठल्याही घरात हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेल. आमच्याही घरात मिळतं. आमचं बांगड्या-कटलरीचं छोटं दुकान आहे आणि संध्याकाळचे दोन-तीन तास गल्ल्यावर मी असते. म्हणजे मी दुकानदारीण आणि रस्त्यावर बसणाऱ्या मावशींची गिऱ्हाईकही.

मध्यंतरी आमच्या गावात व्यापाऱ्यांनी एक निवेदन तयार केलं. रस्त्यावर बसणाऱ्यांना पेठेतून उठवा आणि गावाबाहेरच्या मैदानात पाठवा, अशी मागणी. कारण क्रमांक एक, ‘हे लोक कर भरत नाहीत’. सह्यांचा कागद आमच्याकडेही आला. ह्यांनी वाचला आणि माझ्यापुढं सरकवला. मी म्हटलं, पहिलंच कारण खोटं आहे, सही कशावर करायची?

आमच्या दुकानासमोर एक मावशी भाजी घेऊन बसतात. रोज सकाळी वसुलीवाला पोरगा येतो. बाजार वसुलीचा ठेका नगरपालिका लिलावात देते, ज्याची बोली मोठी त्याला ठेका. दर नगरपालिकेनं ठरवलेला असतो म्हणे, पण त्याचा फलक आमच्या बाजारात मी आजवर पाहिलेला नाही. पोरगा वीस रुपये नेतो. पावती मागितली तर दहाची फाडतो, आणि फार बोललं तर तीही नाही. वीस रुपयांत काय येतं हल्ली, असं वाटेल तुम्हाला. पण वर्षाचे तीनशे दिवस धरा, सहा हजार होतात! तेही चार फूट जागेचे, जिथं वर छप्पर नाही आणि खाली फरशी नाही. आमच्या दहा बाय बाराच्या दुकानाची वर्षाची घरपट्टीसुद्धा एवढी येत नाही. मग कर कोण भरत नाही? भरते ती, पण तिच्याकडे कागद नाही, एवढाच फरक. नगरपालिकेच्या तिजोरीत त्यातले किती पडतात, ते ठेकेदार जाणे.

जीएसटीचंही तसंच. १ जुलै २०१७ ला तो आला तेव्हापासून ‘त्यांना जीएसटी नाही’ ही तक्रार चालू आहे. अहो, ताज्या भाजीवर जीएसटी नाहीच, ती रस्त्यावर विका नाहीतर काचेच्या दुकानात विका. कुंकू, टिकली, काचेच्या बांगड्या यांच्यावरही नाही, हे मी आमच्याच दुकानाच्या अनुभवावरून सांगते. शिवाय मालाच्या व्यापारात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर आपल्या राज्यात नोंदणीचीच सक्ती नाही. ४० लाख म्हणजे रोजचा जवळजवळ ११ हजारांचा गल्ला. आमच्यासारख्या कितीतरी पक्क्या दुकानांचाही तेवढा होत नाही, तिथं टोपलीवालीचा कुठून होणार? उलट कोपऱ्यावर गाऊन विकणारी बाई घाऊक दुकानातून माल आणते तेव्हा कर त्या किमतीत धरलेलाच असतो. नोंदणी केलेल्या दुकानदाराला तो पुढं वजा करून मिळतो. तिला कुठून मिळणार!

दुकानदारांचं दुखणं खोटं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. दुकानाचं भाडं, व्यापारी दरानं येणारं लाइट बिल, मुलाचा पगार, उधारी आणि वर घरबसल्या मोबाइलवर मागवणारं गिऱ्हाईक. दसरा-दिवाळीच्या तोंडावर बाहेरगावचा कुणीतरी मंगल कार्यालयात तीन दिवसांचा ‘महासेल’ लावतो, टेम्पोनं माल आणतो, बिल देत नाही आणि रोख रक्कम घेऊन जातो. आमच्या पेठेची दिवाळी तो नेतो. त्याच्याविरुद्ध निवेदन निघालेलं मला आठवत नाही. तो तीन दिवसांत जातो आणि मावशी रोज डोळ्यांसमोर असतात, म्हणून बहुतेक राग त्यांच्यावर निघतो.

आणखी एक गंमत सांगते, म्हणजे गंमत म्हणण्यासारखी नाहीच. सह्या करणाऱ्यांपैकी काही जण आपल्या दुकानापुढची जागा रस्त्यावरच्या विक्रेत्यांना महिन्यानं भाड्यानं देतात. जागा नगरपालिकेची आणि भाडं शेटजींचं! म्हणजे त्या बाईनं ठेकेदाराला द्यायचे, शेटजींना द्यायचे, आणि सकाळी भांडवलाला सावकाराकडून नऊशे घेतले असतील तर संध्याकाळी हजार परत करायचे. उरलेल्यात घर. आता सांगा, कराचा बोजा कुणावर जास्त?

पेठेचं नुकसान होतं म्हणतात, पण बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानात सगळ्यात जास्त गर्दी असते, ती का? खेड्यातून बाया येतात त्या भाजी-मिरचीला. पिशवी भरली की मग आठवण होते, पोरीला रिबन हवी, सासूबाईंना कंगवा हवा. मावशी मैदानात गेल्या तर या बाया मैदानातूनच परत एसटी धरतील. रिबनीसाठी कोण पेठेत येणार? समोर पिना-क्लिपा विकणारी बसते तिच्यामुळं आमचं दिवसाचं दीड-दोनशेचं गिऱ्हाईक तुटत असेल, हे मान्य. पण गर्दीच गेली तर दोनशेवर भागणार नाही.

रस्ता अडतो, रिक्षा निघत नाही, हे खरंच आहे आणि त्यावर उपायही कायद्यात आहे. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ सालीच झाला. गावात सर्वेक्षण करायचं, विक्रेत्यांना प्रमाणपत्र द्यायचं, कुठं बसायचं आणि कुठं नाही ते ठरवायचं. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. हे सगळं बघायला नगर पथविक्रेता समिती हवी आणि तिच्यात किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यातही एकतृतीयांश बायका. प्रमाणपत्र असणाऱ्यानं नगरपालिकेला शुल्क द्यायचंच आहे, फुकट कुणीच बसत नाही. पण ते ठरलेलं शुल्क असेल, आणि मोबदल्यात सोयी मागता येतील. आमच्या पेठेत सकाळी सहाला आलेली बाई दुपारी घरी जाईपर्यंत पाणी पीत नाही, कारण जायला जागा नाही. रोजचे वीस रुपये घेणाऱ्यांनी एक स्वच्छतागृह बांधू नये?

कर्जासाठीसुद्धा हा कागद उपयोगी. स्वनिधी योजना जून २०२० मध्ये सुरू झाली तेव्हा पहिलं कर्ज १० हजारांचं होतं. २०२५ मध्ये ते १५ हजार झालं आणि योजनेची मुदत मार्च २०३० पर्यंत वाढली. प्रमाणपत्र किंवा नगरपालिकेचं शिफारसपत्र असेल तर बँकेच्या दारात उभं राहता येतं, सावकाराच्या नऊशे-हजारातून सुटका होते.

म्हणून आमच्या दुकानातून निवेदनावर सही गेली नाही. ह्यांनी वेगळा अर्ज दिला. दराचा फलक लावा, छापील पावती द्या, समिती नेमा, महासेलवाल्याकडून शुल्क घ्या आणि दुकानापुढची जागा भाड्यानं देणाऱ्यांना नोटीस काढा. दोन शेजाऱ्यांनी बोलणं कमी केलंय. करेनात का!

आता एकच सांगायचं राहिलं. तुमच्या गावात सर्वेक्षणाची माणसं आली की तुमच्या भाजीवालीला, गजरेवालीला आधी कळवा. पुष्कळदा बाई सकाळपासून उन्हात बसलेली असते, आणि नेमकं त्या वेळी ती घरी पोरांना जेवायला घालायला गेलेली असली की जागेवर असलेल्या नवऱ्याचं किंवा दिराचं नाव लिहिलं जातं. मग प्रमाणपत्र त्याचं आणि कर्जही त्याच्या नावावर. धंदा तिचा असेल तर नावही तिचंच लिहायला लावा. आधारकार्ड आणि जुन्या पावत्या असतील तेवढ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टोपलीतच ठेवायला सांगा.