मडक्यात हात कुणाचा?

अथेन्स म्हणजे लोकशाहीची आई, असं पंडित घोकतात. मीही घोकलं. एक गोष्ट जबरी: तिथं पाचशेंची सभा दाणे काढून निवडायचे. नशिबानं दाणा लागला, की तो नागरिक वर्षभर कारभारी. दाण्याला वशिला कळत नाही, हे मला पटतं.

पण मडक्यात हात घालायचा कुणी? लॉरियनच्या खाणीत चांदी उपसणाऱ्या गुलामानं? नाही. बाईनं? नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राबणाऱ्या उपऱ्यानं? नाही. इ.स.पू. ४५१ मध्ये पेरिक्लीसनं कायदाच केला: आई-बाप दोघंही अथेन्सचेच पाहिजेत. म्हणजे फिरून जन्मच आडवा आला!

दाणा आंधळा होता; मडकं धरणारे डोळस होते. म्हणून मी आधी दाणे मोजत नाही, मडक्याबाहेर ठेवलेले हात मोजतो.