लेक दिली, दिवाणगिरी घेतली

आमच्याकडं एखाद्याचं एकाएकी बरं चालायला लागलं, दारात नवी गाडी उभी राहिली, गावच्या रस्त्याचं काम त्याच्याच गुत्त्यात आलं, की माणसं त्याची हुशारी विचारत नाहीत. विचारतात, "पाहुणा कोण हो त्याचा?" मग कळतं, की थोरली लेक अमक्या पुढाऱ्याच्या पुतण्याला दिलीय. 'अस्सं होय!' म्हणून सगळे माना डोलावतात. नारायणगडावर एकादशीला आलेल्या बायकांच्या घोळक्यातसुद्धा दर्शन झालं की हाच विषय. कुणाची सोयरीक कुठं झाली, आणि त्यात बापाचं काय भलं झालं. पोरीचं काय झालं हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. कधी कधी येतच नाही.

मैत्रिणींनो, हे काही आजचं नाही. मराठेशाहीच्या शेवटच्या दिवसांत एका माणसाने हाच रस्ता धरला आणि दोन-तीन वर्षांत साध्या पथक्याचा दिवाण झाला. सखाराम घाटगे, कागलकर. इतिहासात तो सर्जेराव घाटगे म्हणून ओळखला जातो. शाळेच्या पुस्तकात आलाच तर एका ओळीत येतो, दौलतराव शिंद्यांचा क्रूर दिवाण म्हणून. बी.ए.ला इतिहास होता तेव्हा मीही तेवढंच वाचून पुढं गेले. पण तो दिवाण झाला कसा, हे नीट वाचलं तर त्याच्या मागं एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी उभी दिसते.

काळ कसा होता ते थोडं सांगते. खर्डा आमच्यापासून फार लांब नाही, पाटोद्याच्या पलीकडं, जामखेड तालुक्यात. तिथं १७९५ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी निजामाला हरवलं. हा आपला बीडचा मुलूख तेव्हा निजामाकडंच होता. पुण्यात विजयाची साखर वाटली गेली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तरुण पेशवा सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेला. मूलबाळ नव्हतं. आता गादीवर कोण? नाना फडणीस एक डाव टाकत, परशुरामभाऊ पटवर्धन दुसरा, राघोबादादांचा मुलगा बाजीराव तिसरा. पण ज्याच्या बाजूने शिंद्यांची फौज, त्याचाच पेशवा होणार हे सगळ्यांना माहीत होतं.

आणि ती फौज होती कुणाच्या हाती? महादजी शिंदे १७९४ च्या फेब्रुवारीत वारले. त्यांच्या जागी आला भावाचा नातू दौलतराव, वय वर्षं पंधरा. पंधरा वर्षांचं पोर आणि हाताखाली एवढं मोठं कवायती सैन्य! अशा पोराच्या कानाशी जो लागेल त्याचं राज्य, हे सांगायला पंडित कशाला पाहिजे.

सर्जेराव तेव्हा कुणी मोठा नव्हता. कोल्हापूरकडून निघून पटवर्धनांच्या चाकरीत आलेला, तिथून नानांकडं गेलेला, शंभर घोड्यांचा पथक्या. पुढं शिंद्यांच्या छावणीत त्याचा शिरकाव झाला. त्याची मुलगी बायजाबाई, १७८४ चा जन्म. दौलतरावाला ती हवी होती. सर्जेराव आधी मान्य होईना, कारण घाटगे आपलं कूळ शिंद्यांपेक्षा वरचं समजत. (कुळाचा हा ताठा किती पक्का असतो ते आपल्याला सांगायला नकोच. किंमत चांगली आली की तो किती लवकर मोडतो, तेही आपण पाहिलंय.)

पुढचा किस्सा ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात दिला आहे. बाजीरावाला कैद करून उत्तरेकडं नेत होते आणि पहाऱ्यावर होता हाच सर्जेराव. कैद्याने पहारेकऱ्याला सल्ला दिला: मुलगी दे, पण अटी घालून दे. दौलतरावाने मला पेशवाई मिळवून द्यावी आणि तुला दिवाण करावं. सर्जेरावाने मान्य केलं. म्हणजे बघा, पेशवाई कुणाला मिळावी आणि शिंदेशाहीचा कारभार कुणी करावा, हे दोन मोठे प्रश्न एका मुलीच्या लग्नात बांधले गेले. एक कैदी, एक पहारेकरी. मुलगी घरी, तिला पत्ता तरी असेल का!

१७९६ च्या डिसेंबरात बाजीराव पेशवा झाला. १७९७ च्या अखेरच्या दिवशी शिंद्यांच्या छावणीत भेटीला आलेल्या नाना फडणीसांना दगा करून पकडलं, आणि सर्जेरावाची माणसं नानांचा वाडा आणि त्यांच्या माणसांची घरं लुटायला पुण्यात सुटली. १७९८ च्या मार्चमध्ये बायजाबाईचं लग्न पुण्यात थाटात झालं. दौलतरावाचा खर्च हाताबाहेर गेलेला. बाजीरावाने कबूल केलेले दोन कोट रुपये तो मागू लागला. पेशव्याकडं पैसा कुठला? त्याने तोड सुचवली: घाटग्याला दिवाण करा आणि पुण्यातल्या पैसेवाल्यांकडून वसूल करू द्या. पेशव्यानेच आपलं शहर जावयाच्या सासऱ्यापुढं टाकलं. माणसांना मारहाण झाली, छळ झाला. नानांचे नातलग गंगाधरपंत भानू तापलेल्या तोफेला बांधल्यामुळे मेले.

हे पुस्तकात सापडतं. पण मला जास्त लागलं ते दुसरंच.

महादजींच्या मागं तीन विधवा होत्या: लक्ष्मीबाई, यमुनाबाई आणि धाकटी भागीरथीबाई. आपली नीट सोय लागेल, असा शब्द दौलतरावाने त्यांना दिला होता. शब्द पाळला गेला नाही. त्यातच थोरल्या दोघींनी उघड आरोप केला, की दौलतरावाचे धाकटीशी नको ते संबंध आहेत, आणि असल्या माणसाला आपण मुलगा मानणार नाही. छावणीत खळबळ उडाली. तेव्हा नव्या दिवाणाने काय केलं? बायकांच्या राहुटीत शिरून त्यांना धरलं आणि फटके मारले. महादजी शिंद्यांच्या बायकांना! ज्या महादजींनी दिल्लीच्या बादशहाला आपल्या छायेत घेतलं, त्यांच्या विधवांना, त्यांच्याच छावणीत, काल आलेल्या व्याह्याने.

त्यांना बऱ्हाणपूरला पाठवायचं ठरलं, पण आतून हुकूम होता अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात डांबण्याचा. मे १७९८ मध्ये मुजफ्फरखान नावाच्या पठाण सरदाराने वाटेत त्यांना सोडवलं आणि बाजीरावाचा भाऊ अमृतराव याच्या छावणीत आणून पोचवलं. पुढच्याच महिन्यात, मोहरमचा बंदोबस्त म्हणून आलोय असं दाखवत, सर्जेरावाने त्या छावणीवरही हल्ला केला. बाया गप्प बसल्या नाहीत. फौज जमवली, शिंद्यांचे जुने सरदार त्यांच्याकडं गेले, मुलूख पेटला. याला इतिहासात 'बायांचं बंड' म्हणतात. बंड! नवऱ्याच्या घरात हक्काची सोय मागणाऱ्या, फटके खाल्लेल्या बायका बंडखोर, आणि फटके मारणारा दिवाण. नाव कोण ठेवतं यावर सगळं असतं.

घाटग्यांचा जोर इतका वाढला, की दौलतरावालाच जड झाला. वर्ष संपायच्या आत त्याने सासऱ्याला कैद केलं. पुन्हा सोडलं. पुन्हा तो कारभारात आला, पुन्हा शिंद्यांच्या जुन्या कारभाऱ्यांना हाल करून मारलं. शेवटी १८०९ मध्ये छावणीतच जावयापुढं मर्यादा सोडून वागला आणि दौलतरावाच्या माणसांनी त्याला भाल्याने मारलं. त्या रात्री बायजाबाईने काय केलं असेल? बाप मेलेला, मारणारे नवऱ्याचे लोक. कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडचंच. तसं नाही बरं का. रशियात झार पीटरचा एक लाडका होता, मेंशिकोव. लहानपणी मॉस्कोच्या रस्त्यावर पुऱ्यासारखे भरलेले पाव विकायचा, असं सांगतात. पीटरच्या मर्जीने राजपुत्राच्या बरोबरीला पोचला. पीटर गेल्यावर त्याची राणी कॅथरीन गादीवर बसली, तेव्हा खरा कारभार मेंशिकोवचाच होता. १७२७ मध्ये तीही वारली. नवा झार पीटरचा नातू, वय अकरा! मेंशिकोवने लगेच आपली पंधरा वर्षांची लेक मारिया हिचा साखरपुडा त्या पोराशी लावला. तिचं आधी एका पोलिश सरदाराच्या मुलाशी ठरलं होतं, ते मोडलेलं होतं. चार महिन्यांत वारं फिरलं. सप्टेंबरात मेंशिकोवला पकडलं आणि सगळं कुटुंब सैबेरियाच्या वाटेला लावलं. बायको वाटेतच गेली. बेर्योझोव नावाच्या बर्फातल्या गावात १७२९ च्या नोव्हेंबरात बाप गेला, डिसेंबरात मारिया. अठराची.

यावरून शहाणं व्हावं की नाही? त्याच नोव्हेंबरात दोल्गोरुकोव घराण्याने आपली लेक कॅथरीन त्याच झारला देऊ केली. १७३० च्या जानेवारीत, ज्या दिवशी लग्न ठरलं होतं त्याच दिवशी तो चौदा वर्षांचा झार देवीच्या आजाराने मेला. दोल्गोरुकोवांना कुठं पाठवलं? त्याच बेर्योझोवला, मुलीसकट.

बापांच्या महत्त्वाकांक्षेवर मोठमोठे ग्रंथ आहेत. मला मात्र वाटतं, दरबारातल्या या 'लाडक्यां'चा इतिहास लेकींच्या बाजूने मांडल्याशिवाय तो कळायचाच नाही. लाडका एकटा वर चढत नाही, कुणाच्या तरी खांद्यावर पाय देतो. आणि खाली कोसळतो तेव्हा तो खांदा आधी मोडतो.

बायजाबाई मोडली नाही, हे तिचं मोठेपण. दौलतराव १८२७ मध्ये वारला तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची. सहा वर्षं ग्वाल्हेरचा कारभार तिने पाहिला. हुंड्या, पेढ्या, व्याजबट्टा तिला उत्तम समजे. काशीच्या ज्ञानवापी विहिरीवरचा खांबांचा मंडप १८२८ मध्ये तिने बांधवला. १८३३ मध्ये दत्तक मुलाच्या बाजूने उठाव झाला, इंग्रजांनी तिला हात दिला नाही आणि तिला राज्य सोडावं लागलं. आग्रा, फतेहगड, अलाहाबाद (आताचं प्रयागराज), नाशिक असं करत ती राहिली. १८३५ मध्ये फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई तिच्या छावणीत जाऊन आली. घोड्यावर दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसण्याची इंग्रज बायकांची रीत बघून या मराठ्यांच्या बायका हसल्या, असं तिने लिहिलंय. दोघी इंग्लंडातल्या कायद्याविषयीही बोलल्या. लग्न झालेल्या बाईला तिकडं किती कमी हक्क आहेत, ते पार्क्सबाईने सांगितलं. किती छान, नाही? छावणीत बसून दोन बायका एकमेकींच्या देशातल्या बायकांचा हिशोब मांडतात! १८६३ मध्ये बायजाबाई वारली. तिचा भाऊ हिंदूराव दिल्लीत राहिला. त्याच्या वाड्याच्या जागी आज दिल्लीचं मोठं हिंदूराव हॉस्पिटल आहे.

तरीही पुस्तक उघडलं की पहिली ओळ तिच्या रूपाची. दौलतराव तिच्या सौंदर्यावर भाळला, म्हणून असं झालं, तसं झालं. म्हणजे पुणं लुटलं गेलं त्याचाही शेंडा कुठंतरी तिच्या रूपाशी नेऊन बांधायचा. अटी घातल्या बापाने, सुचवल्या बाजीरावाने, मान्य केल्या दौलतरावाने. तिघेही मोठे पुरुष. आणि ठपका रूपावर!

आज कुणी दिवाणगिरी मागत नाही. गुत्ता मागतात, सोसायटीचं तिकीट, पोराला नोकरी, निदान वजनदार पाहुण्याच्या जिवावर गावात मान. हे बड्यांचं झालं. गरिबाघरी हिशोब वेगळा. आमच्या जिल्ह्यात ऊसतोडीला नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, उचल त्या जोडीवर मिळते, म्हणून पोराचं लग्न लवकर. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी शंभरात चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. कायदा २००६ चा आहे, १०९८ नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवलेला आहे. पण त्या गरीब बापाला मी एकवेळ समजून घेईन, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. ज्याच्या पोटाचा प्रश्न नाही आणि तरीही जो दहावीतली पोर वर चढायची पायरी म्हणून वापरतो, त्याला काय म्हणायचं? वर तोच हळदीकुंकवाला आम्हाला 'लेक वाचवा'वर भाषण करायला बोलावतो.

बचत गटाच्या कामामुळं सोयरिकीच्या बैठकीत मला हल्ली बोलावणं येतं. दाखला मागते, वय बघते. मग विचारते, "पोराकडून तुम्हाला काय मिळणार ते कळलं. पोरीला काय मिळणार?" बाप्ये हसतात, "ताई, सगळं तिचंच की!" परवा मात्र पोरीची आजी उंबऱ्यातून म्हणाली, "तिचंच हाय ना, मग दोन एकर तिच्या नावावर करा आन् मग फोडा सुपारी." बैठकीत एकदम शांतता. चहा आला, माणसं उठली. सुपारी अजून फुटलेली नाही, पोरगी अकरावीला आहे.