आधी तोल, मग गोल

‘मुलांना फक्त चेंडू द्या, व्यायाम मोठेपणी’ हे पत्र वाचले. पत्रलेखकाची तळमळ पोहोचली, पण निष्कर्ष पटला नाही. चेंडू मारताना सारा भार दुसऱ्या पायावर असतो. त्या पायाचा गुडघा आत कलला की सांध्यावर ताण येतो. वाढीच्या वयात हाडे झपाट्याने लांबतात, स्नायू मागे राहून आखडतात. म्हणजे व्यायामाची गरज याच वयात आहे.

त्यासाठी जिम लागत नाही. ‘फिफा ११+’ हा सुमारे २० मिनिटांचा सराव मैदानावरच होतो. एका पायावर उभे राहून जोडीदाराशी चेंडूची फेकाफेक करायची. गुडघे टेकून, जोडीदाराने घोटे धरले असताना, अंग सावकाश पुढे झुकवायचे. याने मांडीचा मागचा स्नायू बळकट होतो. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवरील, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या सरावाने एकूण दुखापती सुमारे एकतृतीयांशाने घटल्या.

२०२२च्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्या नेरूळमध्ये झाला. त्याच नवी मुंबईतील रबाळे, घणसोली, ऐरोलीच्या प्रशिक्षकांनी प्रशिक्षणाआधी ही २० मिनिटे सक्तीची करावीत आणि पालकांनी त्यासाठी आग्रह धरावा.

– एक फुटबॉलप्रेमी पालक, रबाळे, नवी मुंबई