शेवाळाचं डिझेल : आधी पुरा हिशोब सांगा



शेततळ्यात शेवाळ वाढवा, त्यातून डिझेल काढा, असले व्हिडिओ ग्रुपवर फिरतायत. एकरी तेल सोयाबीनच्या कितीतरी पट म्हणे! शेवाळ ऊन खाऊन झपाट्यानं वाढतं, त्यात तेलही असतं, हे खरंय. पण पुढचा हिशोब कुणी सांगत नाही.

एक. शेवाळात तेल भरायचं तर त्याचं नत्र तोडावं लागतं. नत्र तोडलं की वाढ थांबते. म्हणजे वाढ धरावी तर तेल नाही, तेल धरावं तर वाढ नाही.

दोन. उघड्या तळ्यात लिटरमागं वाळलेलं शेवाळ अर्धा ग्रॅम धरा. एक किलोसाठी दोन हजार लिटर पाणी गाळायचं, मग वाळवायचं, मग तेल काढायचं. त्याची वीज कुणाच्या मीटरवर?

तीन. नत्र-स्फुरद शेवाळालाही लागतं. युरियाच्या गोणीसाठी आपणच रांगेत असतो.

अमेरिकेच्या सरकारनं १९७८ ते १९९६ हे करून बघितलं. न्यू मेक्सिकोत रॉसवेलला तळी बांधली. रात्रीच्या थंडीनं वाढ मारली, तळ्यात रानटी शेवाळ माजलं. एक्सॉनमोबिलनं २००९ ला ६० कोटी डॉलरपर्यंत खर्चाची घोषणा केली आणि २०२३ ला अंग काढून घेतलं. त्यांना तोटा सोसला. आपल्याला सोसंल का?

जट्रोफा आठवतोय ना? २००९ च्या राष्ट्रीय धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के जैवइंधन मिसळायचं ठरलं होतं. बायोडिझेल त्याच्या जवळपासही गेलं नाही. बांधावर झाडं राहिली, बी घ्यायला कुणी फिरकलं नाही.

मोटारच चालवायची तर सोलर पॅनल पडलेल्या उन्हातलं १५-२० टक्के धरून थेट वीज देतं. तळ्यातल्या शेवाळानं दोन-तीन टक्के धरलं तरी पुष्कळ.

कुणी म्हणेल, विमानाला बॅटरी चालत नाही, तिथं हे इंधन लागेल. लागू द्या. संशोधनाला माझा विरोध नाही. ते प्रयोगशाळेच्या पैशानं व्हावं, शेतकऱ्याच्या कर्जावर नको.

कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञांनाही विनंती. आधी तुमच्या तळ्यावर बारा महिने करून दाखवा. वीज, खत, मजुरी, बाष्पीभवन सगळं धरून लिटरचा खर्च मांडा. आणि विकणाऱ्यानं खरेदीचा भाव स्टॅम्पपेपरवर द्यावा.

तोवर शेततळ्यातलं पाणी डाळिंबालाच.