फरशी घालताना फरशी कापणाऱ्याचाही विचार करा

घराची फरशी बदलायची म्हटली की आपल्या घरात महिनाभर चर्चा चालते. ग्रॅनाइट घ्यायचे की व्हिट्रिफाइड, रंग कोणता, चौरस फुटाला भाव काय. ही चर्चा व्हायलाच हवी. ज्या समाजाच्या मागच्या पिढ्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर राहिल्या आणि पुढे कोबा, शहाबादीपर्यंत आल्या, त्या समाजाने आज चांगली फरशी घातली तर कोणाच्या पोटात दुखण्याचे कारण नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. या सगळ्या चर्चेत फरशी कापणारा मिस्त्री कुठेच नसतो.

ग्रॅनाइट, वाळूचा दगड आणि टाइल या सर्वांत सिलिका असते. कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांमध्ये तर ती नव्वद टक्क्यांपर्यंत असू शकते. कोरड्या कटरने फरशी कापली की सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ उडते आणि फुप्फुसात जाऊन बसते. त्यातून होणारा सिलिकोसिस बहुधा काही वर्षांनी उघड होतो. अनेकदा क्षयरोग समजून त्यावर उपचार केले जातात. तो बरा करणारे औषध नाही. कृत्रिम दगडाच्या अशा लाद्यांवर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून बंदी घातली, ती याच रोगामुळे.

आपल्या देशात या धुळीने कोण मेले? मध्य प्रदेशातील अलिराजपूर, झाबुआ, धार भागातले आदिवासी मजूर गुजरातमध्ये गारगोटीची भुकटी करणाऱ्या कारखान्यांत कामाला गेले. काच आणि सिरॅमिक उद्योगात ही भुकटी लागते. त्यांच्यापैकी २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला.

ते निदान कारखान्यातले मजूर होते. आपल्या घरी येणाऱ्या मिस्त्रीचे काय? १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातून स्वतःच्या राहत्या घराचे १० लाखांपर्यंतचे काम वगळले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत ही मर्यादा ५० लाख झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेले कामही बाहेरच राहिले. याचा सरळ अर्थ असा की, आपल्या दोन खोल्यांच्या फरशीकामाकडे कोणताही निरीक्षक फिरकणार नाही. तिथे मिस्त्रीच्या छातीची काळजी घेणारा घरमालकच असू शकतो. कायदा उंबऱ्याबाहेर थांबला म्हणून आपली जबाबदारी संपत नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींच्या भागात गेले आणि स्वतः खाणीत उतरून त्यांनी मजुरांचे काम पाहिले. आपल्याला खाणीत उतरायचे नाही. आपल्याच घरात चाललेले काम डोळे उघडे ठेवून पाहायचे आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे. फरशी कापताना पाण्याचा मारा हवा, ही अट मजुरी ठरवतानाच घाला. पाण्यामुळे चिखल होतो, काम रेंगाळते. त्या जादा दिवसाची मजुरी द्या. नाकाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही, एन-९५ मास्क आणून द्या. कापकाम बंद खोलीत नको, मोकळ्या जागी होऊ द्या. खोलीचे माप घेऊन टाइलचा आकार निवडा, म्हणजे तुकडे कमी पाडावे लागतील. जुनी फरशी घट्ट असेल, कुठे पोकळ वाजत नसेल, तर ती न फोडता वरून टाइल चिकटवता येते. दरवाजे खालून थोडे तासावे लागतात, पण फोडकामाची धूळ वाचते.

आणि चकाकीच्या मागे लागू नका. पॉलिश केलेली व्हिट्रिफाइड पाणी शोषत नाही, डाग धरत नाही, हे खरे. पण ओली झाली की घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा पाय घसरतो. न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात खरखरीत पृष्ठभागाचीच टाइल घ्या. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड आहेत, त्यांत सिलिका तुलनेने कमी असते. ते जुनाट दिसतात म्हणून नाकारण्याचे कारण नाही. मात्र तेही पाण्याशिवाय कापू देऊ नका.

चौरस फुटाचा भाव दुकानदार सांगतो. मिस्त्रीच्या छातीत जाणाऱ्या धुळीची किंमत त्यात धरलेली नसते. ती आपण धरली पाहिजे.