प्रतीक्षेचा लिलाव

समाजमाध्यमांवर थेट प्रक्षेपण करून टॅरोचे पत्ते वाचणे हे आता अनेकांच्या उपजीविकेचे साधन झाले आहे. त्यावर आक्षेप घेतला की एक ठरीव उत्तर मिळते : ज्याला पटते तो पैसे देतो, बळजबरी कोणी करीत नाही, मग तुमचे काय बिघडते? विवेकवाद्यांचे प्रत्युत्तरही तितकेच ठरीव असते : छापील पुठ्ठ्याला भविष्य कसे कळणार? एवढी देवाणघेवाण झाली की दोन्ही पक्ष समाधानाने आपापल्या घरी जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोघांनीही खरा व्यवहार पाहिलेलाच नाही. इथे विक्रीस ठेवलेली वस्तू म्हणजे प्रश्नकर्त्याची प्रतीक्षा आहे, आणि ती लिलावाने विकली जाते.

आधी पत्त्यांना निर्दोष सोडावे. टॅरो हा पंधराव्या शतकात उत्तर इटलीत जन्मलेला पत्त्यांचा खेळ. पुढची तीन शतके लोक तो प्रामुख्याने खेळतच होते. १७८१ साली आंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच पंडिताने त्यात प्राचीन इजिप्तचे गुप्त ज्ञान दडले असल्याचे जाहीर केले. इजिप्तची चित्रलिपी त्या वेळी युरोपात कोणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे प्रतिवादाचे साधनही कोणाजवळ नव्हते. आज पडद्यावर दिसणारी बरीचशी चित्रे १९०९ सालच्या एका संचावरून आलेली आहेत. ती पॅमेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने आर्थर एडवर्ड वेट यांच्यासाठी काढली. काम मोठे आणि पैसे फारच थोडे, असे तिने त्याच वर्षी छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांना पत्रातून कळवले होते. संच दीर्घकाळ प्रकाशकाच्या आणि वेट यांच्या नावाने ओळखला गेला. ती १९५१ साली कर्जात वारली. या चित्रांकडे पाहून कोणी आत्मचिंतन करीत असेल तर त्यास हरकत घेण्याचे कारण नाही.

विवेकवाद्यांचे शस्त्र इथे बोथट का ठरते, हेही पाहिले पाहिजे. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवून प्रत्येक ज्योतिषाकडे त्यांतील चाळीस दिल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातील हे ओळखण्यास सांगितले. सत्तावीस ज्योतिषांच्या यशाचे सरासरी प्रमाण ४६ टक्के निघाले. नाणे उडवूनही इतपत यश मिळते. ही चाचणी शक्य झाली, कारण फलज्योतिष निदान तपासता येईल असे काही म्हणत असते. थेट प्रक्षेपणातील टॅरोने ही अडचणही मागे टाकली आहे. तिथला लोकप्रिय प्रश्न 'उद्या काय होईल' असा नसतो. तो असतो 'त्याच्या मनात या क्षणी माझ्याविषयी काय चालले आहे'. सोडून गेलेल्या माणसाच्या मनातील भाव! ते कोणत्या कसोटीवर घासून पाहणार? तो माणूस तिथे नाही, त्याची संमती नाही, आणि त्याला विचारण्याचा मार्ग बंद झाला म्हणूनच तर प्रश्नकर्ती इथे आली आहे. 'त्यालाही तुमची आठवण येते, पण अहंकार आड येतो आहे', असे सांगितले की ते खोटे पाडणे कोणाच्याही हाती राहत नाही. शिवाय निरोप सर्वांसाठी एकच असतो : हे प्रक्षेपण तुमच्यासमोर आले हा योगायोग नाही, विश्वाने तुम्हाला इथवर आणले. आणलेले असते ते शिफारशीच्या यंत्रणेने. काल रात्री दोन वाजता आपण काय पाहत होतो, हे तिने टिपून ठेवलेले असते.

आता पैशाकडे वळू. यूट्यूबने २०१७ साली सुपर चॅट ही सोय आणली. पैसे भरून लिहिलेला संदेश रंगीत होतो आणि जितकी रक्कम मोठी तितका अधिक वेळ वर टिकतो. त्यातील सुमारे ३० टक्के कंपनी ठेवते, उरलेले प्रक्षेपण करणाऱ्याचे. गाण्याच्या किंवा खेळाच्या कार्यक्रमात ही यंत्रणा दाद देण्याचे काम करते. दुःखाच्या दारात मांडली की तीच यंत्रणा हर्रास पुकारते. पन्नास रुपयांचा प्रश्न पाचशेंच्या प्रश्नाखाली दबतो. ज्याचा दबला तो पुन्हा पैसे भरतो किंवा उद्या परत येतो. म्हणजे प्रश्न सुटण्यात कोणाचाच लाभ नाही. सुटलेला माणूस निघून जातो, अडकलेला थांबतो. वाचक मनाने कितीही सज्जन असला तरी त्याची मिळकत थांबणाऱ्यांवर उभी आहे, आणि ही रचना त्याला रोज थोडे अधिक थांबवायला शिकवते.

पिंगळा पहाटे दारी येत असे, कुडमुड्या जोशी गावोगाव हिंडत असे. त्यांच्या सांगण्यातही तथ्य नव्हते, त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण पिंगळ्याच्या झोळीत पसाभर धान्य पडत असे आणि शेजारणीने अधिक घातले म्हणून तुमच्या दारावरून तो पुढे जात नसे. मुख्य म्हणजे तुमचे दुःख हजार अनोळखी माणसांसमोर वाचून दाखवले जात नसे.

बचावाचा एक मुद्दा मात्र गंभीर आहे. हे काम करणाऱ्यांत घरातून चार पैसे मिळवणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत. दूरचित्रवाणीवर रोज सकाळी राशिभविष्य सांगणाऱ्या मान्यवर पुरुषांना सोडून त्यांनाच का धरावे? आणि समुपदेशकाची फी किती जणांना परवडते? पहिल्या प्रश्नातील दुटप्पीपणाचा आरोप मान्य आहे. पण त्याने त्या मान्यवरांनाही या वादात ओढता येते, कोणी निर्दोष ठरत नाही. दुसऱ्याचे उत्तर असे की केंद्र शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. ती पुरेशी आहे असे नाही. पण 'नवरा मारतो, तो सुधारेल का' या प्रश्नावर 'धीर धरा, कप्स चांगले आले आहेत' असे सांगणाऱ्यास, तिथे जाण्याचा सल्ला देता आला असता. धीर धरण्याचा सल्ला त्या बाईच्या जिवावर बेतू शकतो.

बंदी घाला, असे आम्ही म्हणत नाही. महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यातही ज्योतिष धरलेले नाही, आणि बंदीने असले धंदे केवळ पडद्याआड जातात. मागणी काही गोष्टींची आहे. दर एकच असावा आणि आधी जाहीर असावा. प्रश्नांचा क्रम पैशाने ठरू नये. तिथे हजर नसलेल्या माणसाच्या मनाविषयी काहीही सांगू नये. आजार, मारहाण, कर्ज आणि जीव देण्याची भाषा यांवर पत्ते उघडू नयेत. योग्य जागी पाठवावे. हे पाळून कोणी पोट भरीत असेल तर त्याच्याशी आमचे भांडण नाही. महिनाभर पाळून त्याने आपली मिळकत मोजावी, आणि जी घट दिसेल ती आजवर कशाच्या विक्रीतून येत होती, हे स्वतःलाच विचारावे.